संग्रहालय उघडलंय, घरातलं जुनं माणूस सोबत न्या

नमस्कार श्रोतेहो. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आपल्या संग्रहालयांना कुलपं लागली. जगभर तेच झालं. युनेस्कोच्या तेव्हाच्या पाहणीनुसार 85,000हून जास्त, म्हणजे जवळजवळ 90 टक्के संग्रहालयं बंद होती. मग दारं पुन्हा उघडली. पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालयही उघडलं. तिथे जरूर जा, आणि जाताना घरातलं जुनं माणूस सोबत न्या.

दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या टोपणनावाने लिहिणारे कवी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, भांडी अशा हजारो वस्तू त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने जमवल्या आणि 1975मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केल्या. तलवारी बघायला पुष्कळ जागा आहेत. माझा जीव रमतो तो या माजघरातल्या वस्तूंत.

मी मावशीला घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही लशी झालेल्या, नाकावर मास्क. वज्र्यांच्या कपाटापाशी आली आणि तिथेच खिळली. वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासायची धातूची घासणी. शेजारी एक मुलगा आईला विचारत होता, "हे खेळणं आहे का गं?" मावशी मास्कआडूनच म्हणाली, "खेळणं नाही रे बाळा, टाचा घासायची वज्री ती. आमच्या घरच्या वज्रीच्या पोटात बारीक खडे होते. घासायला लागलं की छुनछुन वाजायची. दिवाळीत पहाटे न्हाणीघरात कुणीतरी शिरलं, की माजघरात कळायचं. आमच्या आजेसासूबाई तर आवाजावरून ओळखायच्या, सून टाचा घासतेय की नुसतंच पाणी ओततेय!"

मुलगा काचेला कान लावायला गेला, आईने मागे ओढलं. तेवढ्यात पहारेकरी पुढे आला. मला वाटलं, आता अंतर ठेवा म्हणणार. तर तो म्हणतो, "आजी, इतकी वर्षं इथे उभा आहे, पण वज्री वाजते हे आज कळलं." आम्ही पुढच्या दालनात गेलो तेव्हा मागून त्याचाच आवाज येत होता. नव्याने आलेल्या कुटुंबाला तो न्हाणीघर आणि आजेसासूबाई सांगत होता. काचेआडून छुनछुन ऐकू येत नाही, श्रोतेहो. म्हणून पुन्हा सांगते, जुनं माणूस सोबत न्या.

मावशीची वज्री मोडीत गेली, एका स्टीलच्या डब्यापायी. घरोघरी तांबं-पितळ असंच गेलं. स्टीलने आपल्या स्वयंपाकघराचं भलं केलं नाही, हे माझं ठाम मत आहे. कल्हईच्या पातेल्यातल्या आमटीची चव स्टीलला येत नाही, कुणी काही म्हणो. असो.

एक मात्र पाळा. सॅनिटायझर हाताला लावलं असेल, तर पूर्ण वाळू द्या. त्यातल्या अल्कोहोलने जुन्या लाकडावरचं रोगण आणि लाखेचं काम खराब होतं. परत सांगते, हात वाळू द्या, आणि कोरीव खांबाला, चौकटीला टेकू नका. बंद दालनांत पावसाळी दमट हवेत बुरशी आणि कसर वाढते, त्यामुळे आतल्या माणसांनी टाळेबंदीतही या वस्तूंना जपलंय.

सुट्टीचा दिवस टाळा, इतर दिवशी गर्दी कमी असते. आत जिने आहेत. आजीला चढवत नसेल तर खालचं दालन निवांत बघा आणि बाकीचं पुढच्या खेपेला ठेवा. नमस्कार.