रिपोर्टमधली गादी आणि पायातली कळ

नमस्कार मंडळी. कंबर धरली की शेजारपाजारचं कुणीतरी सांगतंच, मणक्यात गॅप आलाय, एमआरआय काढून घ्या, आणि मग रिपोर्टमध्ये एल४-एल५, डिस्क बल्ज (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) असलं काही वाचलं की माणूस अर्धा तिथेच खचतो. माझ्याकडे फिजिओला येणाऱ्या बायका तर तो रिपोर्ट पर्समध्ये घेऊनच फिरतात. अहो, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलंय की कंबर मुळीच दुखत नाही अशा विशीतल्या लोकांतही साधारण ३० टक्के जणांना बल्ज असतो, ऐंशीच्या वयात ८४ टक्के.

त्यामुळे आधी बघायचं दुखतंय कुठे. डॉक्टर उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात ना, तेव्हा थोडा वर जाताच पोटरीपर्यंत सणकन कळ गेली तर बहुतेक नस दबलेली असते. ही कळ बऱ्याच जणांची दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते, कारण सरकलेल्या गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. तेवढ्यात पेनकिलर डॉक्टरांना विचारून, आणि अंथरुणात पडून राहणं एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

तीन महिन्यांच्या वर नुसती कंबरच दुखत राहिली तर व्यायाम आणि चालणं हाच मुख्य उपचार, कंटाळवाणा आहे पण चालू ठेवा. पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) सरसकट नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलंय. मणक्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन पायाच्या कळेला काही आठवडे आराम देतं, कंबरेला फारसं नाही. ऑपरेशनचंही तसंच, फायदा मुख्यतः पायाला. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात दिसलं, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण आधी वाट बघणारेही वर्षाने तितकेच बरे होते. म्हणजे कळ सहनच होत नसेल तर करा, घाबरून नको. आणि नुसत्या कंबरदुखीसाठी कुणी स्क्रू टाकून मणके जोडायचं म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मात्र लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची ओपीडी बघत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असतील तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा.