धक्क्याला लागताना

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. पहाट. ट्रॉलर आत येतोय.)

मासळी भरून आलेला हा ट्रॉलर धक्क्यावर किती बलानं टेकतो, त्याचा हिशेब करू. बर्फ, डिझेल, जाळी, खलाशी धरून वीस टन समजा, म्हणजे २०,००० किलो. हिशेबात किलोच घ्यायचे. टन तसाच ठेवला, तर उत्तर हजारपटीनं चुकतं.

बाजूला बांधलेली ही होडी दहा मीटर लांबीची. ट्रॉलरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दहा सेकंदांत पोचली. वेग सेकंदाला एक मीटर. आपण चालतो त्याहून कमीच, म्हणून तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, गाफील राहतो.

(जवळून : नाळ आणि धक्क्यावर टांगलेला टायर. संथ गती.)

टेकली. टायर दबतोय, अजून दबतोय. थांबली. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी टिपतो आणि टेकल्यापासून थांबेपर्यंत चौकटी भरल्या दहा. वेळ ०.४ सेकंद.

वस्तुमानाला वेगातल्या बदलानं गुणायचं, वेळेनं भागायचं. २०,००० गुणिले १, भागिले ०.४. बल ५०,००० न्यूटन, साधारण पाच टन वजनाचा रेटा. ही सरासरी झाली. टायर पुरता दबतो त्या क्षणी बल याच्या साधारण दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतं. आणि टायर सुटेपर्यंतच्या चौकटी मोजल्या, तर बोट उलटी सरकते तो वेगही बदलात मिळवावा लागतो. एक मीटरनं येऊन ०.२ नं मागे गेली, तर बदल १.२. इथे वजाबाकी करणारे बरेच.

(दृश्य : रिकामी साखळी, उघडं काँक्रीट.)

इथला टायर गेलाय. नाळ थेट काँक्रीटवर आली आणि एकाच चौकटीत, ०.०४ सेकंदात थांबली, तर? पाच लाख न्यूटन. बोट तीच, वेग तोच. फळी फुटते, बोट दुरुस्तीला चढते, तेवढे दिवस धंदा बंद.

(दृश्य : खलाशी नवा टायर बांधतोय.)

टायर दोन ओळींत हवेत, एक वर, एक खाली. ओहोटीला नाळ खाली उतरते, तेव्हा वरची ओळ नुसती लोंबकळत राहते. टायरच्या बुडाला भोक पाडायचं, नाहीतर पाणी साचून सगळा भार दोरावर येतो. दोर कडेला घासतो तिथे जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळायचा.

भरलेल्या बोटीला गिअर लवकर काढायचा. वेग निम्मा झाला, की याच टायरवर रेटाही साधारण निम्मा.

(दृश्य : पुढचा ट्रॉलर. इंजिनाचा आवाज मंदावतो.)