दोन कोष्टकं, तीन सह्या

(दृश्य : ग्रनादा, सकाळ. कार्तुहाच्या टेकडीवर चढणारी शहर-बस. मागे सिएरा नेवादाचा बर्फ.)

स्पेनच्या दक्षिणेला ग्रनादा. इथलं विद्यापीठ १५३१ सालचं. इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-विनिमय योजनेतून येणारे विद्यार्थी सामावून घेण्यात ते युरोपात वर्षानुवर्षं आघाडीवर राहिलं आहे. टेकडीवर मानव्यविद्यांची शाखा आहे, आणि सकाळच्या या बसमध्ये इटालियन, जर्मन, पोलिश एकाच वेळी कानावर पडतं.

खिडकीशी बसलेली ही मुलगी मात्र ग्रनादाचीच. इतिहासाची पदवी करते आहे आणि पुढचं सत्र स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काढणार आहे. प्रवेश झाला, राहण्याची सोय लागली. आज तिला एक सही हवी आहे.

(दृश्य : संगणकावर उघडलेलं करारपत्र, अगदी जवळून.)

हे शिक्षण करारपत्र. विनिमयाचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे, म्हणून ते सावकाश पाहू. पहिल्या कोष्टकात तिनं उप्सालात घ्यायचे विषय आहेत. दुसऱ्या कोष्टकात त्या बदल्यात ग्रनादातले जे विषय सुटतील, म्हणजे तिला वेगळे करावे लागणार नाहीत, ते आहेत. खाली तीन सह्या : विद्यार्थिनीची, ग्रनादाची, उप्सालाची. तिन्ही सह्या निघण्यापूर्वी व्हायच्या असतात. एकदा त्या झाल्या की तिथे उत्तीर्ण झालेला विषय इथे धरला जाणं ही कुणाची मेहेरबानी राहत नाही, ते विद्यापीठाचं देणं होतं.

आता कोष्टकांमधले आकडे पाहा. ग्रनादाच्या रकान्यात पाच विषय आहेत, प्रत्येकी ६ क्रेडिट. क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाचं माप. उप्सालाच्या रकान्यात चारच, प्रत्येकी साडेसात. दोन्हीकडे बेरीज ३०. पण पाचाला चार जुळवायचे कसे?

ग्रनादात विनिमयाचं काम पाहणाऱ्या समन्वयकानं विषयासमोर विषय ठेवला तर चार विषय सुटतात आणि पाचवा उरतो. मुलगी परत येते तेव्हा तिच्या नावावर एक विषय बाकी असतो. 'विनिमयाला गेले आणि वर्ष मागे पडलं' ही तक्रार बऱ्याचदा इथून, या दोन रकान्यांतून सुरू होते. परदेशातल्या वर्गाचा या तक्रारीशी संबंध नसतो. योग्य रीत अशी, की एका विषयासमोर एक विषय ठेवायचाच नाही. इकडच्या ३० च्या गठ्ठ्यासमोर तिकडचा ३० चा गठ्ठा ठेवायचा, आणि सबंध सत्रात विद्यार्थी काय करायला शिकेल ते ताडून पाहायचं. नियमाला एवढंच अपेक्षित आहे. नावं जुळणं कुठेही अपेक्षित नाही.

(दृश्य : दोन छापील कागद शेजारी शेजारी. एकावर स्पॅनिश, दुसऱ्यावर स्वीडिश मजकूर. पेन्सिलीच्या खुणा.)

ताडून पाहायला हे दोन कागद लागतात. डावीकडे ग्रनादाची विषय-मार्गदर्शिका : प्रकरणं, तास, संदर्भग्रंथ, परीक्षेला किती टक्के आणि वर्गातल्या कामाला किती. उजवीकडे उप्सालाचा अभ्यासपत्रक-आराखडा. तो छोटा आहे, पण त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं : 'हा विषय पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत.' त्याखाली यादी. मूळ साधन तपासणं, दोन इतिहासकारांच्या मांडणीतला फरक दाखवणं, ठरावीक लांबीचा निबंध संदर्भांसह लिहिणं.

असे कागद युरोपात नेहमी नव्हते. प्राध्यापक काय शिकवतात ते प्राध्यापकांना ठाऊक आणि वर्गात बसणाऱ्यांना ठाऊक, अशीच जुनी रीत होती. बाहेरच्या विद्यापीठाला ते कळावं म्हणून लिहून काढावं लागलं. तेव्हा पहिल्यांदा आपल्याच विद्यापीठातल्यांनाही ते नीट वाचता आलं. विनिमयानं युरोपातल्या उच्च शिक्षणाचा दर्जा कुठे उंचावला असेल तर आमच्या मते सर्वांत आधी इथे. त्याचा लाभ कधीच गाव न सोडणाऱ्या विद्यार्थ्यालाही झाला.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. रोम, जुन्या इमारतीचे जिने. टंकलिखित पानं.)

ही कल्पना कुठून आली? रोममध्ये सोफिया कोर्राडी कायदा शिकत होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि तुलनात्मक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आल्या. १९५८ मध्ये रोमच्या विद्यापीठात त्यांनी ती पदवी धरून घेण्याची मागणी केली. नकार मिळाला. पुढे इटलीच्या कुलगुरू परिषदेसाठी काम करताना, १९६९ मध्ये, त्यांनी एक टिपण तयार केलं : विद्यार्थ्यानं परदेशी काय शिकायचं याची योजना आधीच आपल्या शाखेकडून मंजूर करून घ्यावी, आणि परतल्यावर ते शिक्षण धरलं जावं. जाण्याआधी मंजुरी. आज पडद्यावर दिसलेल्या करारपत्राचं बीज हेच.

ते रुजायला वेळ लागला. १९७६ मध्ये युरोपीय समुदायानं, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपानं, निवडक विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासयोजनांना पैसे देऊन पाहिले. दहा वर्षं तो प्रयोग चालला. मंत्र्यांमध्ये खर्चावरून, अधिकारावरून वाद झाले. शेवटी १५ जून १९८७ रोजी इरॅस्मस योजनेचा निर्णय झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले.

गेले, आणि परतल्यावर त्यांच्या गुणपत्रिका कुणाला वाचता येईनात. म्हणून १९८९ मध्ये पाच विषयांत क्रेडिटचा प्रयोग सुरू झाला : व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यंत्र अभियांत्रिकी आणि वैद्यक. तत्त्व साधं होतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट. आज एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, आणि त्यात फक्त वर्गातले तास नव्हे, घरचं वाचन, प्रयोगशाळा, लेखन, परीक्षेची तयारी सगळं आलं. मोजायचं ते विद्यार्थ्याचं काम. प्राध्यापक किती तास बोलले, याला इथे किंमत नाही. युरोपातल्या अनेक विद्यापीठांना हे पचवायला फार वेळ लागला.

१९९७ मध्ये लिस्बनचा मान्यता करार झाला. त्यानं पुराव्याचं ओझं फिरवलं : परदेशातलं शिक्षण नाकारायचं असेल तर दोन्हींत ठोस, मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्यानं दाखवायचं. १९९९ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदवी, पदव्युत्तर अशी सारखी चौकट स्वीकारली. स्वीडननं तर १ जुलै २००७ पासून आपलं राष्ट्रीय माप बदललं. आधी तिथे एक आठवडा म्हणजे एक गुण, वर्षाला ४०. ते दीडपट करून ६० केलं. आज तिथे पाच आठवडे पूर्णवेळ काम म्हणजे साडेसात क्रेडिट, आणि पहिल्या कोष्टकातले साडेसात आले ते इथून.

(दृश्य : उप्साला, सप्टेंबर. सायकलींच्या रांगा. एंगेल्स्का पार्केनच्या आवारातला चर्चावर्ग, दहा-बारा विद्यार्थी, मधे कागदांचे ढीग.)

उप्साला. १४७७ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ. वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी वर्ग सव्वादहाला सुरू होतो. या पंधरा मिनिटांना इथे 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात, आणि नव्या पाहुण्याला तो कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगावा लागतो.

ग्रनादात पाचही विषय सत्रभर समांतर चालतात. इथे साधारणपणे एक विषय हातात घेतात, तो पाच आठवड्यांत संपवतात, त्याची परीक्षा देतात, मग पुढचा. आठवड्याला वर्ग मोजके. वाचन प्रचंड. चर्चावर्गात न वाचता आलेला विद्यार्थी पाच मिनिटांत उघडा पडतो. परीक्षा अनेकदा घरी बसून लिहायच्या निबंधाची. स्पेनमधून आलेल्यांचा पहिला आठवडा निवांत जातो आणि दुसऱ्यात घाम फुटतो, कारण रिकामं वेळापत्रक पाहून त्यांना काम कमी वाटलेलं असतं.

प्राध्यापकही या योजनेतून जातात. अट अशी, की आठवड्याला किमान ८ तास शिकवायचं. दुसऱ्याच्या वर्गात ८ तास उभं राहिलं की प्रश्नपत्रिका कशी काढतात, निबंध कसा तपासतात, हे पाहायला मिळतं. विद्यार्थी परत येऊन रीत बदलू शकत नाही. प्राध्यापक बदलू शकतात.

(दृश्य : सूचनाफलक. एका विषयासमोर लाल रेघ.)

हा लाल रेघेचा विषय पहिल्या कोष्टकात होता. यंदा नोंदणी कमी झाली, विषय रद्द. असं नेहमी होतं. कधी दोन विषयांचे तास एकमेकांवर येतात, कधी त्या विषयाला आधीच्या क्रेडिटांची अट निघते, कधी तो इंग्रजीत नसतो. म्हणून करारपत्रात बदलाची सोय आहे : सत्र सुरू झाल्यापासून ५ आठवड्यांत बदल मागायचा, आणि मागितल्यापासून दोन आठवड्यांत तिन्ही बाजूंनी मंजुरी. पण स्वीडनमध्ये पाच आठवड्यांत एक अख्खा विषय संपतो. म्हणजे इथे मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहणं परवडत नाही. रद्द झाल्याचं कळलं त्याच दिवशी ग्रनादाच्या समन्वयकाला कळवायचं, आणि त्यांचा होकार लेखी घ्यायचा. तोंडी 'चालेल' परतल्यावर कुणाला आठवत नाही.

(दृश्य : गुणपत्रिका. 'जी', 'जी', 'व्हीजी', 'जी'.)

निकाल लागल्यावर ५ आठवड्यांच्या आत उप्सालानं ही गुणपत्रिका पाठवायची असते. क्रेडिट जुळले. आता श्रेणी.

उप्सालात इतिहासाला तीनच श्रेण्या : अनुत्तीर्ण, उत्तीर्ण, विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण. 'जी' म्हणजे उत्तीर्ण. ग्रनादाला मात्र दहापैकी आकडा हवा, तोही दशांशासह. ५ ते ६.९ साधी श्रेणी, ७ ते ८.९ चांगली, ९ च्या पुढे उत्तम. मग 'जी' म्हणजे ५ की ६.९? काठावर पास झालेली आणि थोडक्यात 'व्हीजी' हुकलेली, दोघींच्या कागदावर एकच अक्षर आहे. पुढे पदव्युत्तर प्रवेश दशांशावर ठरतात, त्यामुळे ही भानगड किरकोळ नाही.

याचा रास्त उपाय आहे. प्रत्येक विभागानं मागच्या किमान दोन वर्षांत कोणती श्रेणी किती टक्के उत्तीर्णांना दिली, त्याचा तक्ता द्यायचा. समजा उप्सालात ४० टक्क्यांना 'व्हीजी' मिळते. मग ग्रनादाच्या तक्त्यात वरचे ४० टक्के कोणत्या गुणांपासून सुरू होतात ते पाहायचं, आणि 'व्हीजी'ला त्या पट्ट्यातले गुण द्यायचे. 'जी'ला खालचा पट्टा. पट्ट्यातला नीच आकडा घ्यायचा, मधला की वरचा, हे विद्यापीठानं आधीच ठरवून जाहीर करायचं. ते ठरलेलं नसलं की दोन शाखांत एकाच 'जी'ला वेगवेगळे गुण पडतात. परदेशी केलेलं शिक्षण २०२५ पर्यंत आपोआप धरलं जावं, असं युरोपीय मंत्रिपरिषदेनं २०१८ मध्ये ठरवलं. क्रेडिटच्या बाबतीत बरीच मजल मारली गेली. श्रेणीचं घोडं अजून अडलेलं आहे.

(दृश्य : पुणे. विद्यार्थिनीच्या टेबलावर अर्जाची कागदपत्रं, अभ्यासक्रमाच्या शिक्का मारलेल्या प्रती.)

हेच माप आता महाराष्ट्रातही कामाला येतं. इरॅस्मस मुंडसच्या संयुक्त पदव्युत्तर पदव्यांना, जिथे किमान तीन देशांतल्या तीन संस्था एकत्र येतात आणि निवडलेल्यांना महिना १,४०० युरो शिष्यवृत्ती मिळते, भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं जातात. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात वर्ष १,२०० तासांचं आणि ४० क्रेडिटांचं. वर्षाला वर्ष धरलं तर ४० चे ६० होतात. तासाला तास धरलं तर, २५ तासांचा युरोपीय क्रेडिट घेऊनही, ४८ च. कोणता हिशेब लावायचा ते तिकडचं विद्यापीठ ठरवतं. म्हणून अर्ज करणाऱ्यानं नुसती गुणपत्रिका पाठवून थांबू नये. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तास, मूल्यमापनाची पद्धत आणि पुस्तकांची यादी, विद्यापीठाच्या शिक्क्यासह जवळ ठेवावी. शेवटच्या वर्षात असतानाच ती मिळवणं सोपं. नंतर अभ्यासक्रम बदलतो आणि जुनी प्रत शोधून द्यायला कुणी मोकळं नसतं.

(दृश्य : ग्रनादा, संध्याकाळ. प्लाथा नुएवा चौक, पर्यटकांची गर्दी.)

२०१४ च्या युरोपव्यापी पाहणीत, पदवीनंतर पाच वर्षांनी बेरोजगारीचं प्रमाण परदेशी जाऊन आलेल्यांमध्ये २३ टक्क्यांनी कमी दिसलं. मात्र मुळात जाऊ शकणाऱ्यांची परिस्थिती बरी असते, हेही त्यात आलंच. शिष्यवृत्तीत भाडं निघत नाही अशी शहरं बरीच आहेत. बिकट परिस्थितीतल्यांना महिन्याला २५० युरो जादा मिळतात. २०३० पर्यंत किमान २३ टक्के पदवीधरांनी परदेशी शिक्षणाचा अनुभव घेतलेला असावा, असं उद्दिष्ट २०२४ मध्ये ठरलं आहे. ज्यांना नोकरी किंवा घर सोडून सत्रभर जाता येत नाही त्यांच्यासाठी ५ ते ३० दिवसांचे छोटे कार्यक्रम सुरू झाले आहेत : काही भाग ऑनलाइन, काही प्रत्यक्ष. अशा संमिश्र कार्यक्रमाला किमान ३ क्रेडिट द्यावे लागतात, आणि त्या तीन क्रेडिटांसाठीही करारपत्र आधी भरून, तिन्ही सह्या घेऊनच निघायचं असतं.