भिंतीतली पोकळी

वर्ग भरला की तापू लागतो. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, त्यामुळे साठ विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवणे हे हजार वॅटच्या सहा शेगड्या पेटवून दारे लावून घेण्यासारखेच आहे. बाहेरचे ऊन यात धरलेलेही नाही. ही उष्णता विजेशिवाय बाहेर कशी काढायची आणि मुळात इमारत बांधतानाच इंधन कमी कसे जाळायचे, असे दोन प्रश्न महाविद्यालयाची इमारत आखणाऱ्यापुढे असतात. त्यांचे एक जुने उत्तर तिरुवनंतपुरमच्या उल्लूर भागातील एका टेकडीवर उभे आहे.

‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली आणि 1971 पासून तिच्या इमारती लॉरी बेकर यांनी उभ्या केल्या. बेकर 1917 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मले. महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले आणि तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे आयुष्यभर, जवळजवळ हट्टाने, पाळला.

सुमारे दहा एकरांच्या या आवारात मध्यभागी ग्रंथालयाचा सात मजली मनोरा आहे आणि वर्ग व कार्यालये उतारावर जागा मिळेल तशी विखुरलेली आहेत. झाडे वाचवण्यासाठी भिंतींनी वळसे घेतले आहेत. लहान अंगणांत पाण्याची उथळ कुंडेही आहेत. मात्र केरळच्या दमट हवेत बाष्पीभवनाने मिळणारा गारवा बेताचाच असतो आणि खरे काम सावली आणि वाराच करतात, असे आम्हाला वाटते.

आता ही भिंत जवळून पाहावी. गिलावा नसल्यामुळे गवंड्याने केलेले सगळे काम उघडे दिसते. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत वीट आडवी बसते. येथे गवंडी ती कडेवर उभी करतो. एक वीट बाहेरच्या अंगाला, तिला समांतर दुसरी आतल्या अंगाला आणि दोन्हींना जोडण्यासाठी मध्ये एक त्यांच्याशी काटकोनात, तीही कडेवर उभी, अशी रचना केली की दोन विटांच्या मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी उरते. उंदराच्या सापळ्यासारखी दिसणारी ही बांधणी रॅट-ट्रॅप बाँड म्हणून ओळखली जाते. भिंतीची जाडी तेवढीच राहते, पण विटा सुमारे पाव हिस्सा कमी लागतात. थर उंच झाल्याने थरांची संख्या घटते आणि मसालाही वाचतो. वीट भट्टीतून येते आणि भट्टी सरपण किंवा कोळसा खाते, त्यामुळे ही बचत रुपयांची जितकी, तितकीच इंधनाचीही आहे. शिवाय आत कोंडलेली हवा उन्हाची धग आतल्या अंगापर्यंत सहज पोहोचू देत नाही.

छताचा हिशेबही असाच आहे. स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या बाजूला ताण येतो आणि तो सळई पेलते. तेथले काँक्रीट मुख्यत्वे सळईला धरून ठेवते आणि गंजापासून वाचवते. मग सळयांच्या चौकटीत दोन-दोन मंगलोरी कौले ठेवून वरून काँक्रीट ओतले, तर ताकद फारशी न घटता सिमेंट वाचते, छत हलके होते आणि हलक्या छताला सळईही कमी पुरते.

खिडकीबद्दल बेकर यांचे मत स्पष्ट होते. चौकट, झडपा, गज, बिजागऱ्या आणि काच यांचा खर्च तेवढ्याच जागेतल्या साध्या भिंतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, असे ते सांगत. म्हणून अनेक ठिकाणी त्यांनी ठरावीक विटा गाळून जाळीची भिंत उभी केली. त्या फटींतून वारा दिवसभर खेळतो आणि प्रकाश डोळ्यांवर न येता आत झिरपतो. अर्थात अशी जाळी बंद करता येत नाही. धूळ, डास आणि रस्त्याचा गोंगाटही तिच्यातून आत येतो. झाडीच्या टेकडीवर जे शोभते, ते वाहत्या चौकातल्या महाविद्यालयाला जसेच्या तसे लावता येणार नाही.

संगणक केंद्राची वेळ आली, तेव्हा यंत्रांना बंदिस्त, नियंत्रित हवा हवी होती. बेकर यांनी दोन भिंती बांधल्या. बाहेर एकमेकींत गुंतलेल्या वर्तुळांची विटांची जाळी आणि आत यंत्रांसाठी बंद कवच. मधल्या जागेत, जिथे वातानुकूलनाची निकड नव्हती, तिथे कार्यालये बसवली.

ही बांधणी महाराष्ट्रात आणायची तर कोकणातल्या तिरप्या पावसासाठी लांब वळचण आणि विटांमधले काळजीपूर्वक भरलेले सांधे लागतील. कोयना परिसराने 1967 साली भूकंप सोसला आहे. तेथे नुसती हलकी भिंत पुरणार नाही. पण कोपऱ्यांवर आणि दारांच्या बाजूला गवंडी त्याच तीन इंचांच्या पोकळीत पायापासून छतापर्यंत सळई उभी करतो आणि थर चढतील तसतसे तिच्याभोवती काँक्रीट ठासत जातो.