गाव, मानुश, दिवेस

श्रोतेहो, नमस्कार.

आज २ ऑगस्ट. आधी तीन शब्द ऐका. गाव. मानुश. दिवेस. तुम्हाला वाटेल, कुणी लहान मूल मराठी बोलायला शिकतंय. पण हे शब्द रोमानी भाषेतले आहेत, युरोपातल्या रोमा लोकांच्या. गाव म्हणजे गावच. मानुश म्हणजे माणूस आणि दिवेस म्हणजे दिवस. नाकाला नाक आणि कानाला कानच म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी यांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून पश्चिमेकडे निघाले आणि एवढं सोबत घेऊन गेले. ‘जिप्सी’ हे नाव इतरांनी त्यांना चिकटवलं. त्यांच्यातल्या अनेकांना ते शिवीसारखं लागतं, म्हणून आज मी ते वापरणार नाही.

आजचा दिवेस त्यांच्या सुतकाचा आहे. हिटलरच्या नाझी राजवटीच्या आउश्वित्झ-बिर्केनाउ छळछावणीत रोमा आणि सिंती (जर्मनीकडची रोमांचीच एक शाखा) कुटुंबांसाठी वेगळा विभाग होता. सुमारे २३,००० माणसं तिथे डांबली गेली. त्यांतली सुमारे २१,००० उपासमारीने, रोगराईने किंवा विषारी वायूने मेली. धडधाकट होते त्यांना कामासाठी दुसऱ्या छावण्यांत हलवलं. मागे उरल्या म्हाताऱ्या, आया आणि पोरं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्या सुमारे ४,३०० जणांना मारून तो विभाग रिकामा केला. साऱ्या युरोपात मारल्या गेलेल्या रोमांचे अंदाज २ लाखांपासून ५ लाखांपर्यंत जातात. रानात, गावाबाहेर गोळ्या घालून पुरलेल्यांची यादी कुणी केलीच नव्हती.

हा दिवस सरकारांनीही पाळावा, असं रोमा म्हणतात. आता कुणी विचारेल, आठवण घरच्यांनी ठेवावी, सरकारचा त्यात काय संबंध? मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे. ही माणसं दंगलीत मेली नाहीत. सरकारी कचेरीत आधी त्यांच्या नावांची वही तयार झाली, मग ती माणसं मेली. युद्ध संपलं तरी वही मिटली नाही. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं, की १९४३ पूर्वी यांना हद्दपार केलं ते वंशद्वेषातून नव्हे, गुन्हे रोखण्यासाठी. म्हणजे नुकसानभरपाईचं दार बंद. १९८० मध्ये काही सिंती माणसं, त्यांत छावण्यांतून वाचलेलेही होते, जर्मनीतल्या दाखाउच्या जुन्या नाझी छावणीत उपोषणाला बसली. मागणी साधी होती: पोलिसांनी आमच्यावर ठेवलेल्या फायली उघड करा आणि आमच्यावर काय झालं ते सरकारने तोंडाने म्हणावं. १९८२ साली चॅन्सलर हेल्मुट श्मिट यांनी ते म्हटलं. मग २०११ मध्ये पोलंडच्या संसदेने आणि २०१५ मध्ये युरोपियन संसदेने २ ऑगस्ट हा स्मृतिदिन मानला. रोमांच्या संघटना अजून थांबलेल्या नाहीत. प्रत्येक देशाने हा दिवस सरकारी पातळीवर पाळावा, पाठ्यपुस्तकात तो यावा, असं त्यांचं म्हणणं आहे.

चेक देशातल्या लेटी गावाचं सांगतो. युद्धकाळात तिथल्या रोमांच्या छावणीवर पहारा जर्मनांचा नव्हता, चेक शिपायांचा होता. तीनशेहून अधिक माणसं तिथे मेली, बहुतेक लहान मुलं. पुढे सत्तरच्या दशकात त्याच जागेवर डुकरांचा कारखाना उभा राहिला. तेरा-तेरा हजार डुकरं! आपल्या भावंडांना जिथे पुरलं, तिथून तो वास येत राहायचा. वारसांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, दर वर्षी तिथे जाऊन फुलं वाहिली. अखेर सरकारने सुमारे ४५ कोटी क्राउन मोजून तो कारखाना विकत घेतला, २०२२ मध्ये पाडायला घेतला आणि २०२४ मध्ये तिथे स्मारक खुलं झालं.

हे सगळं कोल्हापुरात बसून का सांगतोय? माझी आजी वळिवड्याजवळची. ‘पोलंड कॅम्प’ हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. १९४३ ते १९४८ या काळात, आज जिथे गांधीनगरची कापडबाजारपेठ आहे तिथे, घरादाराला मुकलेले सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले होते. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे. परक्याचं दुःख जपायचं म्हणजे काय, हे आपल्या गावाला माहीत आहे.

आणि वहीत नाव असणं म्हणजे काय, हेही माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्या देशातल्या कितीतरी भटक्या जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला. पोरगं काय करतं ते कुणी पाहत नव्हतं, ते कुणाच्या पोटी आलं एवढंच पाहिलं जाई. त्या काळी करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत मोडून काढली. रोज चावडीवर जाऊन ‘मी इथेच आहे’ असं सांगायची ती सक्ती सरकारच्या हुकमाने होती, आणि ती गेलीही सरकारच्या हुकमानेच. देशभरातून मात्र हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. आउश्वित्झ आणि हजेरी एका मापाने मोजता येणार नाहीत, मला तसं करायचंही नाही. पण ज्या हाताने नाव वहीत चढवलं, त्याच हाताने ते खोडावं, ही मागणी आपल्या मातीत कळायला अवघड जाऊ नये.

३१ ऑगस्टला विमुक्त दिन आहे. तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत तो पाळला जातो का, आणि कसा, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. नमस्कार.