लढाऊ विमान: वेग, किंमत आणि रूप

श्रोतेहो, नमस्कार.

दोन लढाऊ विमानांची तुलना निघाली की पहिला प्रश्न वेगाचा असतो. युरोफायटर टायफून मॅक २, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेग, राफाल मॅक १.८, एफ-३५ मॅक १.६. एवढं ऐकलं की एफ-३५ शेवटच्या बाकावर जाऊन बसतं. पण हे आकडे कोणत्या अवस्थेतले आहेत, ते आधी विचारायला हवं. मॅक २ गाठणारं टायफून जवळजवळ रिकामं असतं, अकरा-बारा किलोमीटर उंचीवर असतं आणि त्याचा आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, पेटलेला असतो. पंखांखाली दोन टाक्या आणि बॉम्ब लटकवा, हवेचा विरोध इतका वाढतो की मॅक २ फक्त कागदावर उरतो. एफ-३५ मात्र पोटातल्या कप्प्यांत चार क्षेपणास्त्रं घेऊन मॅक १.६ ला जाऊ शकतं. प्रत्यक्ष मोहिमेच्या भारासह पाहिलं, तर या दोघांमधलं अंतर बरंच आटतं.

शिवाय आफ्टरबर्नर इंधन कसं पितो ते पाहा. राफालला दोन एम-८८ इंजिनं असतात आणि आफ्टरबर्नरसह प्रत्येकाचा जोर ७५ किलोन्यूटन. जमिनीलगत दोन्ही पूर्ण पेटवली, तर सेकंदाला जवळपास ७ किलो इंधन जळतं. विमानाच्या आतल्या टाक्यांत इंधन आहे सुमारे ४.७ टन. म्हणजे सगळं मिळून अकरा-साडेअकरा मिनिटं. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे खप कमी होतो, तरी कमाल वेग ही मिनिटांनी मोजून वापरायची गोष्ट आहे हे खरंच. म्हणूनच आफ्टरबर्नर न पेटवता ध्वनीच्या पुढे टिकून राहण्याची क्षमता मला कमाल वेगापेक्षा अधिक मोलाची वाटते. एफ-२२ असं मॅक १.५ च्या वर उडतं, आणि या गुणात त्याची बरोबरी करणारी विमानं फार थोडी आहेत.

जोर आणि वजनाच्या गुणोत्तरातही अशीच फसगत होते. एफ-३५ च्या हवाई दलासाठीच्या ‘ए’ आवृत्तीचं रिकामं वजन सुमारे १३.३ टन, आतलं इंधन ८.३ टन आणि इंजिनाचा जोर १९.५ टन. टाक्या भरलेल्या असताना गुणोत्तर येतं ०.९, निम्मं इंधन संपल्यावर १.१. राफालचं हेच गणित भरलेल्या टाक्यांसह १.०४ आणि निम्म्या इंधनावर १.२४. राफाल सरस, असं आपण म्हणून टाकतो. पण एफ-३५ च्या पोटात पावणेदोन पट इंधन आहे. लांब जायचं असेल तर राफालला बाहेरून टाक्या बांधाव्या लागतात, आणि त्या बांधल्या की आपण काढलेलं गुणोत्तर बदलतं. तुलना करायची तर दोघांना सारखंच अंतर कापायला लावून करावी, सारख्या टक्क्यांचं इंधन भरून नव्हे.

वळण्याचं गणित सरळ आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट, भार सोसत वळलं, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७१० मीटर येते आणि पूर्ण फेरी १८ सेकंदांत होते. ७ जीला त्रिज्या ९२० मीटर आणि फेरीला २३ सेकंद. एफ-३५ च्या उभं उतरू शकणाऱ्या ‘बी’ आवृत्तीची मर्यादा ७ जी आहे, ‘ए’ची ९. पण एकदा झटक्यात वळणं वेगळं आणि वेग न गमावता वळत राहणं वेगळं. त्रिकोणी डेल्टा पंखाचं विमान नाक झटकन वळवतं, मात्र तेवढ्यात त्याचा वेग भराभर उतरतो, कारण आखूड आणि रुंद पंख मोठ्या कोनात हवेला फार विरोध करतो. तो वेग परत मिळवायला इंजिनाचा जोर लागतो किंवा उंची सोडावी लागते.

आता रूपाकडे येऊ. मला तुलनेचा हा सर्वांत रसाळ भाग वाटतो, कारण विमानाची प्रत्येक रेष कुठल्या तरी निर्णयातून आलेली असते. एफ-२२ वरून पाहा. मुख्य पंखाची पुढची कड ४२ अंशांनी मागे झुकलेली आहे आणि मागच्या आडव्या शेपटीची पुढची कडही ४२ अंशांनीच. कडा समांतर ठेवल्या की रडारच्या लहरी मोजक्याच दिशांना परततात, बाकी दिशा शांत राहतात. कप्प्यांच्या दारांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात, त्याही याच हिशेबाने. उभ्या शेपट्या कललेल्या, हवा घेणारी नळी आतून वळवलेली. त्यामुळे इंजिनाची फिरती पाती समोरच्या रडारला थेट दिसत नाहीत. एफ-३५ च्या कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, सोनेरी झाक दिसते ती धातूच्या अतिशय पातळ थराची. तो थर नसेल तर लहरी कॉकपिटमध्ये शिरतात आणि आसनापासून पायलटच्या हेल्मेटपर्यंत प्रत्येक वस्तू त्या परत पाठवते.

या साऱ्या खटाटोपाचं फळ मात्र मोजून मिळतं. रडारला दिसणारा आकार १६ पट घटवला, तर ओळख पटण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. ते दहाव्या भागावर आणायचं, म्हणजे २०० किलोमीटरवर दिसणारं विमान २० किलोमीटरवर आल्यावरच दिसावं असं हवं असेल, तर तो आकार १० हजार पटींनी घटवावा लागतो. म्हणून एखादं ढिलं झाकण किंवा पंखाखाली लावलेलं एकच क्षेपणास्त्रसुद्धा बरीच मेहनत वाया घालवतं. आणि मीटरभर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या जुन्या धाटणीच्या रडारपुढे हे आकार कमी पडतात, कारण शेपटीसारखे भाग त्या लहरींच्याच मापाचे असतात.

सुखोई-३५ पाहिलं की वेगळाच विचार दिसतो. पंख आणि धड एकमेकांत वितळल्यासारखे, दोन इंजिनं एकमेकांपासून दूर. त्या रुंद धडात साडेअकरा टन इंधन मावतं, म्हणून बाहेरच्या टाक्यांविना ते दूरवर जातं. माझ्या नजरेला आज उडणाऱ्या विमानांत हे सर्वांत देखणं आहे. पण तोच मोठा, मोकळा आकार रडारवर लांबून उठून दिसतो.

रूपावरून निकाल लागतो, ही समजूत मात्र काढून टाकायला हवी. २००१ मध्ये अमेरिकेच्या नव्या लढाऊ विमानाच्या स्पर्धेत बोइंगचं एक्स-३२ लॉकहीडच्या एक्स-३५ पुढे, म्हणजे एफ-३५ च्या पूर्वरूपापुढे, हरलं, तेव्हा त्याच्या मोठ्या जबड्याला, म्हणजे नाकाखालच्या हवेच्या तोंडाला, दोष देणारे पुष्कळ होते. खरी कारणं यंत्रात होती. एक्स-३२ इंजिनाचाच झोत खाली वळवून उभं उतरायचं. तो तापलेला वायू पुन्हा हवेच्या तोंडात शिरला की इंजिनाचा जोर घटतो. उभं उतरून दाखवताना वजन कमी करण्यासाठी त्याचे काही भाग काढावे लागले होते. एक्स-३५ मध्ये कॉकपिटच्या मागे इंजिनाच्या दांड्यावर फिरणारा पंखा होता. तो थंड हवा खाली ढकलायचा. एफ-३५ चं धड जाड दिसतं, त्यात त्या पंख्यासाठी सोडलेल्या जागेचा मोठा वाटा आहे.

किंमत विचारताना ‘त्यात काय काय आलं?’ हा प्रश्न सोडू नये. फिनलंडने डिसेंबर २०२१ मध्ये ६४ एफ-३५ निवडली. फक्त विमानांचे ४.७ अब्ज युरो, म्हणजे एक विमान साडेसात कोटी युरोच्या आत. क्षेपणास्त्रांचे सुमारे ७५ कोटी आणि देखभालीची साधनं, सुटे भाग व प्रशिक्षणाचे २.९ अब्ज मिळवले, की तेच विमान १३ कोटींवर जातं. दोन्ही आकडे खरे आहेत. एका देशाचा पहिला आकडा आणि दुसऱ्या देशाचा दुसरा शेजारी ठेवला की तुलना बिघडते, आणि बातम्यांत हे वारंवार घडतं. संख्येचाही परिणाम असतो. एफ-२२ सुरुवातीला ७५० घ्यायची होती, प्रत्यक्ष वापरासाठी १८७ च बनली. त्यामुळे संशोधनाचा खर्च थोड्या विमानांवर पडला. एरवी १५ कोटी डॉलरच्या आसपास बनणारं विमान, सगळा कार्यक्रम धरला तर, ३५ कोटींच्या घरात गेलं.

खरेदीनंतरचा खर्च तर त्याहून मोठा. एफ-३५ ‘ए’च्या एका उड्डाणतासाला ३० हजार डॉलरच्या वर खर्च येतो आणि विमानाचं नियोजित आयुष्य ८ हजार तासांचं आहे. गुणाकार केला तर २४ कोटी डॉलर, म्हणजे खरेदीच्या जवळपास तिप्पट. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये नोंदवलं की एफ-३५ ताफ्यातली सुमारे ५५ टक्केच विमानं मोहिमेला तयार होती. दुरुस्तीची केंद्रं वेळेत उभी राहिली नव्हती आणि १० हजारांहून अधिक भाग दुरुस्तीच्या रांगेत पडून होते. विमान उत्तम असूनही वीस विमानांच्या तुकडीत अकराच हाताशी, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी जुलैपासून नवी विमानं ताब्यात घेणं वर्षभर थांबलं, तेही नव्या संगणक प्रणालीचं सॉफ्टवेअर तयार नसल्यामुळे.

स्वीडनच्या ग्रिपेनने या प्रश्नाचं उत्तर विमान आखतानाच शोधलं. एक इंजिन, लहान धड, सुमारे ८०० मीटरच्या सरळ रस्त्यावरून वापरता येईल अशी बांधणी. हवाई लढाईसाठी इंधन आणि क्षेपणास्त्रं पुन्हा भरून विमान दहा मिनिटांत परत पाठवायचं, आणि तेही एक तंत्रज्ञ व सक्तीच्या लष्करी सेवेतले पाच जवान यांच्याकडून. इंजिन सुरू करायला बाहेरची गाडी लागू नये म्हणून छोटं सहायक इंजिन विमानातच बसवलेलं आहे. नाकाजवळचे छोटे पंख, म्हणजे कॅनर्ड, उतरल्यावर जवळजवळ उभे होतात आणि ब्रेकचं काम करतात. याच्या बदल्यात भार आणि पल्ला दोन इंजिनांच्या विमानांपेक्षा कमी मिळतो, आणि रडारपासून लपण्यात ते एफ-३५ च्या जवळही येत नाही. तळांवर हल्ला होणार हे धरूनच स्वीडनने हा सौदा केला होता.

नमस्कार.