फेरफार आधी, सातबारा नंतर

(पहाट. घाटंजीकडून पांढरकवड्याकडे जाणारा रस्ता. कापसाने भरलेल्या गाड्यांचे मागचे लाल दिवे. कॅमेरा वळतो तो रस्त्यालगतच्या एका घराकडे. माडीवर दिवा चालू.)

डिसेंबर महिना. साडेचार वाजलेत. कापूस घेऊन निघालेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सोडल्या, तर यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव अजून झोपेत आहे. आणि हे एक घर जागं आहे. वरच्या खोलीत एक मुलगी अंगावर शाल घेऊन लॅपटॉपसमोर बसली आहे. पायाशी इन्व्हर्टर, खिडकीत फायबरचा डबा. तो बंद पडलाच तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला मोबाइल चार्जिंगला लावलेला.

ती डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. कामाच्या ठिकाणी म्हणतात, डीबीए. कापूस खरेदी केंद्रं आणि जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, यांचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, ती सांभाळते. सर्व्हर मुंबईत आहे, ती इथे.

खालून वडलांचा आवाज येतो. "काहून वं माय, झोपली नाही काय?"

"झोपली होती बाबा. आता बॅकअप उभा करून पाहून राहिली."

हा 'उभा करून' शब्द लक्षात ठेवा. या सगळ्या कामाचं मर्म त्या शब्दात आहे असं मला वाटतं.

(काटा. भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर चढते.)

एका गाडीमागे किती नोंदी होतात ते इथे उभं राहून बघा. आधी भरल्या गाडीचं वजन. कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं. मग ओलावा, प्रत, भाव, शेतकऱ्याचं नाव, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, बँकेचं खातं आणि शेवटी चुकारा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे पैसे. ओलाव्याचा आकडा 8 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारी सरकारी कंपनी, भावातून कपात करते, 12 च्या वर गेला की कापूस घेतच नाही. म्हणजे एका रकान्यात 8 च्या जागी 13 पडला, तर वर्षभर राबलेला माणूस गाडी घेऊन घरी परत जातो.

आता असं धरा, की वजन नोंदवलं गेलं, चुकाऱ्याची नोंद व्हायची होती, आणि नेमकी तेवढ्यात लाइन गेली. अर्धी नोंद राहिली तर काय? डेटाबेस अर्धी नोंद ठेवत नाही. वजन आणि चुकारा दोन्ही मिळून एक व्यवहार, ट्रान्झॅक्शन. झालं तर पूर्ण, नाही तर काहीच नाही. आणि हे तो कसं साधतो ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा तिच्या वडलांनी जास्त चांगलं समजावलं.

(ओसरी. वडील खाटेवर. समोर चहाचा कप.)

ते कोतवाल होते. तलाठ्याचं दप्तर त्यांनी उभी हयात डोक्याखांद्यावर वाहिलं. ते सांगतात, जमीन विकली, वारस लागला, बोजा चढला, काहीही झालं तरी सातबाऱ्याला कोणी थेट हात लावत नसे. आधी गाव नमुना 6, म्हणजे फेरफाराची वही. तिच्यात नोंद धरायची, नोटीस काढायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, आणि मगच सातबाऱ्यावर अंमल द्यायचा. जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा, आणि शेजारी फेरफाराचा नंबर गोलात लिहायचा.

"फेरफार आधी, सातबारा नंतर," ते म्हणतात. "सातबारा फाटला तरी वहीवरून परत उतरवता येते."

डेटाबेसही हेच करतो. बदल आला की तो आधी लॉगमध्ये, म्हणजे आपल्या फेरफाराच्या वहीत लिहितो, डिस्कवर पक्का करतो, आणि टेबलात मागाहून सवडीने उतरवतो. मधेच वीज गेली, तर मशीन चालू होताना तो आपला लॉग वाचतो. पूर्ण झालेले व्यवहार टेबलात चढवतो, अर्धवट राहिलेले मागे घेतो. इथे फेरफाराचे कागद आज ई-फेरफार प्रणालीत गेले आहेत, पण क्रम तोच आहे. लेक जे काम करते ते बापाच्या कामाहून वेगळं आहे असं या घरात कोणालाच वाटत नाही.

टेबल, ओळी, रकाने या पद्धतीचा पाया एडगर कॉड या गणितज्ञाने घातला. ते तेव्हा आयबीएममध्ये होते आणि त्यांचा लेख 1970 च्या जूनमध्ये छापून आला. त्याच वर्षी 31 जुलैला आपल्याकडे भारतीय कापूस निगम, म्हणजे सीसीआय स्थापन झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आज निगमाच्या काट्यावरची प्रत्येक नोंद कॉडच्या रकान्यांत पडते, हे मला फार विलक्षण वाटतं.

(जुना कागद. दुमडलेली, कडा विटलेली काटापट्टी.)

ही काटापट्टी तिने जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या नोकरीतली. एका जिनिंगमध्ये सगळा हिशेब ऑफिसातल्या एकाच संगणकावर होता. रोज संध्याकाळी बॅकअप घेतला जायचा, पडद्यावर हिरवी खूण यायची. एका रात्री वीज पडली आणि सकाळी तो संगणक चालू झाला नाही. बॅकअप कुठे होता? त्याच संगणकाच्या दुसऱ्या डिस्कवर. ती डिस्कही गेली. मग एक पेन ड्राइव्ह सापडला, त्यात तारखेसकट फाइल सापडली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फाइल उघडली तर आत काही नव्हतं. शून्य बाइट.

पुढचे तीन दिवस गावोगाव निरोप गेले. लोक खिशातून, देव्हाऱ्यातून, पिशवीतून काटापट्ट्या काढून घेऊन आले. तिने एकेक पट्टी वाचून पुन्हा भरली. काहींच्या पट्ट्या पावसात भिजल्या होत्या, आकडे पुसले होते. एक म्हातारी बाई पट्टी समोर धरून म्हणाली, "पाय बरं बाई, किती लिहिलं हाये? मले तर दिसत नाही." तिलाही दिसत नव्हतं. ही तीच पट्टी.

हे सांगताना ती आजही थांबते.

(पडद्यावर काळी खिडकी. पांढरी अक्षरं सरकतायत.)

म्हणून ही पहाटेची उठाठेव. रात्रीचा बॅकअप झाला, अशी सूचना तिला दोन वाजताच आली होती. तिचा त्या सूचनेवर विश्वास नाही. ती ती फाइल एका रिकाम्या सर्व्हरवर चढवते, त्यातून अख्खा डेटाबेस नव्याने उभा करते, आणि त्यानंतर घडलेले बदल लॉगमधून त्यावर चढवते, ठरवलेल्या मिनिटापर्यंत. मग ओळी मोजते. वजनांची बेरीज जुळवते. उभं राहायला किती वेळ लागला ते वहीत लिहिते. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा या व्यवसायातला जुना शिरस्ता. ती पाळतेच. पण तीन ठिकाणी ठेवलेली रिकामी फाइल ही तीन ठिकाणी रिकामीच असते.

मोठ्यांचंही असं झालेलं आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम साठवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत, रात्री उशिरा, थकलेल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा साफ करायला आज्ञा दिली. खिडकी मुख्य सर्व्हरची होती. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी होत्या. ऐन वेळी भरवशाची एकही निघाली नाही. रोजचा बॅकअप तर आवृत्ती न जुळल्यामुळे कधीचा अयशस्वी होत होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने एकाने सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सगळं परत उभं केलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. त्या कंपनीने हे सगळं जगासमोर उघड मांडलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यातून कितीतरी डीबीए शिकले.

हिच्या लॅपटॉपवर मुख्य सर्व्हरची खिडकी लाल आहे. गडद लाल, डोळ्यांना खुपेल अशी. चाचणीची हिरवी.

(दुपार. बाजाराचं फाटक. लांबच लांब रांग.)

दुपारी फोन येतो. काट्यावरून ऑपरेटर. "ताई, नाव टाकलं का नुसतं गोल फिरून राहिलं. मागं पन्नास गाड्या उभ्या आहेत."

ती विचारते, "दादा, नाव टाकल्यावर का मोबाइल नंबर टाकल्यावर?"

"नंबर टाकल्यावर."

हा प्रश्न विचारता येणं म्हणजेच निम्मं कौशल्य. ती डेटाबेसला विचारते, तू हे शोधतोस कसं? डेटाबेस आपला बेत सांगतो, त्याला एक्झिक्युशन प्लॅन म्हणतात. त्यात दिसतं की तो इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, सोडून अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोय. इंडेक्स तर आहे. मग? आदल्या दिवशी प्रोग्रॅमरने एक ओळ बदलली होती. मोबाइल नंबर टेबलात अक्षरं म्हणून साठवलेला, आणि नव्या ओळीत तो अवतरण चिन्हांशिवाय, आकडा म्हणून विचारलेला. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला अशा वेळी इंडेक्स वापरता येत नाही, त्याला प्रत्येक ओळीतली अक्षरं आकड्यात बदलून बघावी लागतात. दोन अवतरण चिन्हं राहिली आणि पन्नास गाड्या उन्हात अडकल्या. चिन्हं घातली, रांग हलली. प्रोग्रॅमरला तिने फोन केला, पण बोल लावायला नव्हे. पुढच्या वेळी बदल आधी हिरव्या खिडकीत चालवून बघू, एवढंच ठरवायला.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण ती मुंबई-बंगळुरूच्या ऑफिसात सहसा कोणाला दिसत नाही. 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात मुळातच वेगळं 'ऱ' अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकसारखे. आत साठवलेले बाइट मात्र वेगळे. अक्षरांची तुलना कशी करायची याचा नियम, म्हणजे कोलेशन, चुकीचा निवडला तर एकच शेतकरी दोन माणसं होतो, आणि त्याचा चुकारा अडकतो. त्याहून वाईट म्हणजे जुनी टेबलं. मायएसक्यूएलमध्ये 2018 ची 8.0 आवृत्ती येईपर्यंत न सांगता मिळणारी लिपीची सोय लॅटिन अक्षरांची होती. तशा रकान्यात देवनागरी नाव गेलं की त्याची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. ओळीने प्रश्नचिन्हं. आणि ती परत नाव होत नाहीत, कारण नाव साठवलंच गेलेलं नसतं. ती नवं टेबल बनलं की सगळ्यात आधी हे तपासते. माणसाचं नाव त्याच्या लिपीत नीट राहिलं पाहिजे, यावर ती अडून बसते, आणि मला ते फार बरोबर वाटतं.

(संध्याकाळ. ओसरीवर एक नातेवाईक.)

नात्यातले एक काका येतात. चहा होतो, आणि मग हळूच, "बाई, तुयाकडे तं सारं असते ना? त्या अमक्याचे चुकारे आले का, पाहून सांग ना."

"काका, मले नाही दिसत."

हे खरं आहे. तिने स्वतःचं खातंच तसं बांधलं आहे. सर्व्हर चालवायचे सगळे अधिकार, पण खाते क्रमांक आणि रकमेच्या रकान्यांवर वाचण्याचा अधिकार नाही. अगदीच गरज पडली तर वेगळं खातं, ठरावीक वेळेपुरतं, आणि कोणी काय वाचलं याची नोंद. शहरातल्या लोकांना हा नियमाचा बारकावा वाटेल. इथे तसं नाही. कोणाच्या हातात कोणत्या दिवशी किती पैसा आला, हे सावकाराला आधी कळलं तर काय होतं हे या भागात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहे. तिने हे कुलूप त्याच्या आधीच लावलेलं होतं.

बाकी कामं खूप, ती सगळी इथे मावणार नाहीत. डिस्क भरत आली का बघणं, सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या चढवणं, हंगाम सुरू व्हायच्या आधी सर्व्हरला तेवढा भार झेपेल का ते चाचपणं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, पक्की हवी, सर्व्हर चालवणारं लिनक्स हवं, लॉग वाचायची चिकाटी हवी. क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, यातलं बरंच आपोआप होतं. पण कोणाला काय दिसावं आणि किती मिनिटांची नोंद गमावणं आपल्याला परवडेल, हे क्लाउड ठरवत नाही. ते इथल्यासारखं कोणीतरी काट्याजवळ उभं राहून ठरवावं लागतं.

(पुन्हा पहाट. तीच खोली.)

दुसऱ्या दिवशीची चाचणी संपली आहे. ओळी जुळल्या, बेरीज जुळली. तिने वहीत तारीख आणि वेळ लिहिली. आता चाचणीसाठी उभा केलेला डेटाबेस पुसून टाकायचा आहे, त्यात खऱ्या माणसांची खरी नावं आहेत, तो पडून राहू द्यायचा नसतो.

ती आज्ञा टाइप करते आणि एंटरवरून बोट उचलते. वडील चहा घेऊन दारात आलेत. ती पडद्यावरचं सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचते, एकेक अक्षर. मग खिडकीचा रंग बघते.

"हिरवी आहे ना बाबा?"

ते जवळ येतात, चष्मा सावरतात, वाकून बघतात.

"हिरवीच आहे, माय."

ती एंटर दाबते.